मधल्याची मुदत, माझी मुदत

ज्या महामंडळात मी आयुष्य काढलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझं नाव कायम नोकरांत लिहायला त्यांनीही बरीच वर्षं घेतली होती, तेव्हा फिट्टंफाट.

कचेरी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये होती. खतं, बियाणं, पंप, फवारणीची यंत्रं असं शेतीला लागणारं बरंच काही आम्ही विकायचो आणि कुठल्या गोदामात काय शिल्लक आहे हे कोणालाही माहीत नसायचं. हा गोंधळ अधिक वेगानं व्हावा म्हणून ऐंशी सालानंतर एक मोठा कॉम्प्युटर आणण्यात आला. त्याला गारव्याची खोली मिळाली. मे महिन्यात बाकीची कचेरी वाळ्याच्या कूलरपुढे घामाघूम होऊन बसलेली असायची आणि कॉम्प्युटरच्या खोलीत मी स्वेटर घालून. उन्हाळा लागला की सगळ्या साहेबांना कॉम्प्युटरमध्ये एकाएकी रस निर्माण व्हायचा. ते येऊन तासभर उभे राहायचे, ‘हं, मोठी प्रगती आहे’ असं म्हणायचे आणि घाम वाळला की निघून जायचे.

या कॉम्प्युटरला तीन टर्मिनलं जोडलेली होती. एक आमच्याच इमारतीत, एक महाल भागातल्या विक्री केंद्रात आणि एक कोराडी रस्त्यावरच्या गोदामात. टर्मिनलवरच्या माणसानं ‘पंप किती आहेत?’ असं विचारलं की तो प्रश्न थेट कॉम्प्युटरच्या साठ्यापर्यंत जात नसे. मध्ये एक प्रोग्राम बसलेला होता. तो सगळ्यांचे प्रश्न घ्यायचा, रांगेत लावायचा, आत जाऊन उत्तर आणायचा आणि ज्याचं त्याला पोचतं करायचा. लग्न जुळवणाऱ्या माणसासारखं त्याचं काम. सगळं सुरळीत झालं तर त्याची कोणाला आठवण नाही, आणि बिनसलं की दोन्हीकडच्या शिव्या त्यालाच. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. मराठीतून कारभार करा असा आदेश आल्यावर कचेरीनं त्याचं ‘मध्यस्थ आज्ञावली’ असं बारसं केलं, आणि चपराशापासून साहेबापर्यंत सगळे त्याला ‘मधला’ म्हणायला लागले.

मी या मधल्याची देखभाल करायचे. माझ्या नेमणुकीच्या आदेशात तसं स्पष्ट लिहिलं होतं: मधल्याच्या प्रस्तुत व्हर्जनच्या देखभालीसाठी, सहा महिन्यांकरिता, निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात. सहा महिने संपत आले की आस्थापना शाखा मला ‘ब्रेक’ द्यायची. ज्यांना हे सुख लाभलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेक म्हणजे रजा नव्हे. ब्रेक म्हणजे दोन दिवस तुम्ही त्या कचेरीच्या कोणीही नसता. नोकरी सलग झाली तर माणूस कायम करा म्हणून मागे लागतो, म्हणून ती मधूनच तोडायची आणि तिसऱ्या दिवशी नवा आदेश देऊन पुन्हा जोडायची. अशी माझी नोकरी बऱ्याच ठिकाणी गाठी मारलेल्या सुतळीसारखी झाली होती.

आमच्या घरी हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. बाबा गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटबाहेर जाऊन उभं राहायचं. कोणी कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत. माझं अख्खं बालपण त्यांचा तो न उघडलेला डबा दुपारी घरी खाण्यात गेलं. मी मॅट्रिक झाले तेव्हा ते कायम झाले, आणि नंतर काही वर्षांतच गिरणी बंद पडली. मी जन्मले त्या वर्षी आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, त्यामुळे नवस बोलायची सोय उरली नव्हती. नाहीतर बाबांनी ‘कायम’ या एका शब्दासाठी नक्की नवस बोलला असता. मी संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “कायम केलं का वं तुले?”

“नाही अजून.”

“पोरी, गेटच्या बाहेर उभं राहाचं नाही. मी लय राह्यलो.”

आणि अशातच मशीन विकणाऱ्या कंपनीच्या मुंबई कचेरीतून कळवण्यात आलं की मधल्याच्या आमच्याकडे असलेल्या व्हर्जनचा आधार पुढच्या वर्षाअखेर संपेल. त्यानंतर त्यात काही बिघाड झाला तर कंपनी दुरुस्त करून देणार नाही, तरी नवं व्हर्जन वेळेत बसवून घ्यावं.

यावर समिती नेमली गेली. समितीत तिघं. आमचे विभागप्रमुख: भला माणूस, सफारी सूट, मोठं पोट, आणि कोणालाही नाही म्हणायचं नाही असं व्रत. दुसरे आस्थापना अधिकारी, ज्यांनी आयुष्यात कोणालाही हो म्हटलं नव्हतं. तिसरे आमचे पर्यवेक्षक, कचेरीतले सर्वांत ज्येष्ठ, आणि ज्येष्ठता हाच त्यांचा विषय. मी तात्पुरती, म्हणून मला समितीत घेता येत नव्हतं. मी फक्त योजना आखायची, ती समितीला समजावून सांगायची, त्यांच्या शंका दूर करायच्या आणि मग समितीची चर्चा सुरू झाली की बाहेर जायचं.

पहिल्या बैठकीत आस्थापना अधिकाऱ्यांनी विचारलं, “आधार संपतो म्हणजे नेमकं काय होतं? त्या दिवशी मधला बंद पडतो का?”

“नाही,” मी म्हटलं. “तो चालूच राहतो. बिघडला तर मात्र विचारायला कोणी नाही.”

“मग आपल्या कचेरीत वेगळं काय चाललंय?” ते म्हणाले, आणि बैठक संपली.

दुसऱ्या बैठकीत ठराव झाला की कंपनीनं व्हर्जनला मुदतवाढ द्यावी अशी विनंती करावी. निवृत्त होणाऱ्या साहेबांना मिळते तशी. कंपनीनं नम्रपणे नकार दिला, तेव्हा हा कंपनीचा उद्धटपणा आहे असं तिसऱ्या बैठकीत नोंदवण्यात आलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक उगाच म्हणतात. आम्ही सहा महिन्यांत एवढं काम कधीच केलं नव्हतं.

माझी स्वतःची अडचण मात्र या सगळ्यांहून मजेशीर होती. आस्थापना अधिकाऱ्यांनी मला एकदा बोलावून, चष्मा पुसत, शांतपणे सांगितलं, “बाई, तुमचं पद प्रस्तुत व्हर्जनसाठी आहे. व्हर्जन बदललं की पद संपलं. नियमच तसा आहे.” तिथून मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, “काहून टेन्शन घेता बाई? नवीन व्हर्जन एकदा लागू द्या, तुमचं कायमचं मी करून देतो. शब्द हाय माझा.” म्हणजे योजना चांगली झाली तर एका खोलीत मी कायम होणार होते आणि शेजारच्या खोलीत घरी जाणार होते. दोन्ही खोल्यांच्या मध्ये फक्त प्लायवूडची भिंत होती, पण त्या दोघांनी या विषयावर एकमेकांशी बोलावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मी शब्दावर विश्वास ठेवला. दुसरं काय होतं माझ्याकडे?

बाबांना मी रोज बैठकांचा वृत्तांत द्यायचे. नवं घ्यायचं की नाही याची चर्चा अजून चालू आहे म्हटल्यावर ते एकदा खरोखर चक्रावले. “आमी तं एका दिवसात बदललो,” ते म्हणाले. “अख्खी वस्ती गेली, अन् संध्याकाळी बदलून घरी आली. तुमच्या एका मशीनचं काहून नाही होऊन राहिलं?”

मी म्हटलं, “बाबा, तुमची समिती नव्हती.”

माझी योजना साधी होती. आधी नव्या मधल्याला बाजूला चालवून पाहायचं. मग एका टर्मिनलवर, मग बाकीच्यांवर. आणि बिघडलंच तर जुन्यावर परत कसं यायचं याची वाट आधी तयार ठेवायची. समितीनं बाजूला चालवून पाहणं काढून टाकलं, कारण मशीनचा वेळ मौल्यवान होता. एक-एक टर्मिनल काढून टाकलं, कारण महालाला आधी मिळालं तर कोराडीवाले नाराज होतील. परतीची वाट विभागप्रमुखांनी स्वतः खोडली. “बाई, शुभ कामात असं अभद्र काहून लिहिता?” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. लग्नपत्रिकेत घटस्फोटाची तारीख छापावी तसं मी काहीतरी केलं होतं. उरली ती तारीख. एवढी मोठी योजना, आणि तिच्यातून फक्त तारीख उरली, तर ती तरी नीट ठरवतील असं मला वाटलं.

त्याआधी प्रशिक्षण झालं. कंपनीनं नव्या व्हर्जनच्या शिक्षणासाठी मुंबईला एक माणूस बोलावला होता. तात्पुरत्या माणसाला प्रशिक्षणाला पाठवता येत नाही, कायम माणसांत ज्येष्ठतेनं पाठवायचं असतं, म्हणून पर्यवेक्षक गेले. त्यांनी मधल्याला आयुष्यात कधी हात लावला नव्हता, पण त्यांची ज्येष्ठता निर्विवाद होती. ते आठवड्यानं माहीमचा हलवा आणि जाडजूड पुस्तकं घेऊन परत आले. हलवा त्यांनी सगळ्यांना वाटला. पुस्तकं मला दिली आणि म्हणाले, “तुम्ही वाचून ठेवा. मला तिथे सगळं समजलंय, पण संदर्भाला असावं.” मी वाचली. यात माझी हुशारी काही नाही. अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कोणाला ती वाचायची गरज वाटली नाही, एवढंच.

मग तारीख. विभागप्रमुखांनी विचार केला की बदल सुट्टीच्या दिवशी करावा, म्हणजे कामाचं नुकसान होत नाही. त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लहान मुलांचा तान्हा पोळा धरला. त्या दिवशी नागपुरात स्थानिक सुट्टी, अर्धं शहर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला महालात. उत्तम विचार. आणि प्लायवूडच्या पलीकडे आस्थापना अधिकाऱ्यांनीही हाच विचार केला की बाईंचा ब्रेक सुट्टीला लागून द्यावा, म्हणजे कामाचं नुकसान होत नाही. त्यांनी तान्हा पोळा आणि त्याचा दुसरा दिवस धरला. तोही उत्तम विचार. दोन शहाण्या माणसांनी एकाच तत्त्वानं दोन निर्णय घेतले आणि ज्या दिवशी मधला बदलायचा त्याच दिवशी मधल्याला ओळखणारं एकमेव माणूस कचेरीचं कोणीही नव्हतं.

मी हे दोघांच्या नजरेस आणलं. आस्थापना अधिकारी म्हणाले, ब्रेक बदलता येत नाही, तुम्ही बदलाची तारीख बदलून घ्या. विभागप्रमुख म्हणाले, तारीख समितीनं मंजूर केली आहे, तुम्ही ब्रेक बदलून घ्या. पर्यवेक्षक म्हणाले, “मी आहे ना. मी प्रशिक्षण घेतलंय.” ते ऐकून दोघांच्याही मनावरचा भार उतरला. मी निघण्यापूर्वी जुन्या मधल्याची आणि साठ्याची एक टेप भरून रॅकवर ठेवली. तिच्यावर ‘अभद्र’ असं लिहावं असं फार वाटलं, पण नाही लिहिलं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी घरी डाळ निवडत बसले होते. बाबा बाहेर ओट्यावर. अकराच्या सुमारास गल्लीत जीप शिरली. महामंडळाची जीप आमच्या वस्तीत पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे तिच्यामागे पोरांची मिरवणूकच होती. ड्रायव्हर खाली उतरला तो तोंड पाडून. “ताई, चला. साहेबांनी बोलावलं. मायी तं मारबत चुकली ना आज तुमच्यापायी.”

“काय झालं?”

“मले काय मालूम? सगळे घाबरून राहिले. नारळ फोडला अन् मंग मशीन चूप झालं.”

जीपमध्ये बसले. कचेरीच्या गेटवर विभागप्रमुख उभे होते. त्यांच्या बाजूला आस्थापना अधिकारी. सुट्टीच्या दिवशीही ते आले होते, कारण त्यांना असं काहीतरी होईल याची शंका होती. त्यांनी हात आडवा केला. “बाई, तुम्ही आत येऊ नका. आज तुमचा ब्रेक आहे. आज तुम्ही आत काम केलंत तर नोकरी सलग होईल.”

“मग मला बोलावलं कशाला?”

“मी बोलावलं नाही,” ते म्हणाले. “यांनी बोलावलं.”

मी गेटबाहेर उभी होते. हातात डबा नव्हता एवढाच फरक. बाबा ज्या जागी इतकी वर्षं उभे राहिले त्याच जागी मी येऊन उभी राहिले होते, आणि तेही जीपनं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. ते लपवायला मी वळले आणि समोरच्या लिंबाखालच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावर बसले. टपरी कचेरीच्या हद्दीबाहेर होती.

विभागप्रमुखांच्या डोक्यात तिथे प्रकाश पडला. “बाई आत येऊन नाही राहिल्या,” ते आस्थापना अधिकाऱ्यांना म्हणाले. “बाई चहा पिऊन राहिल्या. चहा पिताना मी त्यांना चार गोष्टी विचारल्या तं नियमात बसते का?”

आस्थापना अधिकाऱ्यांनी विचार केला आणि म्हणाले, “चहाचा उल्लेख नियमात नाही.”

अशा रीतीनं आमच्या महामंडळाचं आधुनिकीकरण टपरीवरून सुरू झालं. विभागप्रमुख स्वतः आत पळत जायचे, मशीनच्या पडद्यावर जे लिहून आलं ते कागदावर उतरवायचे, पोट सांभाळत गेटपर्यंत यायचे, रस्ता ओलांडायचे आणि मला दाखवायचे. मी काय टाइप करायचं ते सांगायचे. मग ते पुन्हा पळत. त्या भाद्रपदाच्या उन्हात त्यांचा सफारी सूट पार काळपट झाला. टपरीवाल्यानं त्यांना मधेच एकदा पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, “साहेब, कोनी मेलं का आत?”

काय झालं होतं ते मला दुसऱ्या खेपेतच कळलं. नवा मधला सुरू होताना एक प्रश्न विचारतो: आधीचं सगळं लक्षात ठेवून सुरू करू, की सगळं विसरून नव्यानं सुरू करू? पर्यवेक्षकांनी नारळ फोडला होता, मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि नव्या गोष्टीची सुरुवात नव्यानंच व्हावी या शुभ भावनेनं त्यांनी ‘विसर’ असं उत्तर दिलं होतं. मधला आज्ञाधारक होता. तो महाल विसरला, कोराडी विसरला, आदल्या संध्याकाळी रांगेत राहिलेल्या सगळ्या नोंदी विसरला, आणि आता कोणाला ओळखेनासा झाला होता. लहान मुलाचा तान्हा पोळा आणि मशीनचा बदल एकाच दिवशी धरला की असं होतं.

“रॅकवर टेप आहे,” मी म्हटलं. “ती लावा. जुनं परत येईल, मग नवा मधला पुन्हा, पण न विसरता सुरू करायचा.”

“म्हणजे ते अभद्र?” विभागप्रमुखांनी धापा टाकत विचारलं.

“तेच.”

टेप लागली. पण मग गाडी अडली. मधला आता एकामागून एक प्रश्न विचारू लागला, आणि त्याला ठरावीक वेळात उत्तर मिळालं नाही तर तो स्वतःच ‘नाही’ असं धरून पुढे जायचा. विभागप्रमुखांना मशीनपासून लिंबापर्यंत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा धीर त्याला नव्हता. ते कागद घेऊन पोचेपर्यंत आत मधला ‘नाही’ म्हणून मोकळा झालेला असायचा, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आस्थापना अधिकाऱ्यांनंतर इतक्या तत्परतेनं नाही म्हणणारा मी हाच पाहिला. तीन वेळा असं झाल्यावर विभागप्रमुख माझ्या शेजारी बाकावर धपकन बसले.

“बाई, उद्या सकाळी गोदामं उघडतील. पेरणी होऊन गेली, खताचा हंगाम हाय, दारात शेतकऱ्यांची रांग राहील. तुम्ही मले मारून राहिल्या. आत चला ना.”

मी उठले, रस्ता ओलांडून गेटपाशी आले आणि आस्थापना अधिकाऱ्यांना म्हटलं, “हजेरीपट इथे आणा. मी सही करते आणि मग आत येते. सही नाही तर पाऊल नाही.”

हे वाक्य मी फार मोठ्यानं बोलले नसेन, पण चौकीदारानं बिडी विझवली. आस्थापना अधिकाऱ्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी, ज्यांनी कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, हात जोडले. शेवटी हजेरीपट आला. गेटच्या खांबावर टेकवून मी सही केली. सही वाकडी आली. ती रागानं की आनंदानं हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

आत जाऊन प्रश्नांची उत्तरं दिली. दुपार टळायच्या आत मधला सगळ्यांना ओळखायला लागला. पर्यवेक्षक म्हणाले, “मी हेच करणार होतो.” विभागप्रमुखांनी पेढे वाटले. आणि पेढ्याबरोबरच आस्थापना अधिकाऱ्यांनी माझ्या हातात ताजा टाइप केलेला आदेश दिला. माझा ब्रेक प्रशासकीय कारणास्तव पुढे ढकलून उद्या आणि परवा देण्यात येत होता. आजचा दिवस जुन्या मुदतीतच धरला जाईल. वर्षभर ज्यांना एक तारीख ठरवता आली नाही त्यांनी हे काम तासाभरात केलं होतं. पेढा माझ्या तोंडातच होता. तो गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा डाळ घेऊन बसले, आणि पुन्हा जीप आली. कोराडीची टेलिफोनची तार नेहमीच तुटत-जुळत असे. जुन्या मधल्याला मी शिकवलं होतं की ते टर्मिनल गायब झालं तर घाबरायचं नाही, थांबायचं. नव्याला कोणी शिकवलं नव्हतं. तार एकदा तुटली की तो कोराडीला कायमचा टाकून द्यायचा. मी गेले. गेटवर सही, मग आत. संध्याकाळी आदेश: ब्रेक उद्या आणि परवा. तिसऱ्या दिवशी महालाची रांग अडली. सही. आदेश. मग हे रोजचंच झालं. नवा मधला नव्या सुनेसारखा घर समजून घेत होता, रोज काहीतरी विचारत होता, आणि बाजूला चालवून पाहण्याचं जे काम समितीनं काढून टाकलं होतं ते आता उघड्यावर, रांगेतल्या शेतकऱ्यांसमोर चालू होतं. आणि माझा ब्रेक रोज संध्याकाळी एक दिवस पुढे सरकत होता. आदेश टाइप करणाऱ्या कारकुनानं शेवटी तारखेची जागा रिकामी सोडून गठ्ठाच तयार करून ठेवला.

हे घोंगडं भिजत पडलं ते ऑडिट येईपर्यंत. ऑडिटवाल्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण ब्रेकचे इतके आदेश आणि ब्रेक एकही नाही, हे त्यांना बरोबर दिसलं. त्यांनी शेरा मारला की बाई सलग कामावर होत्या, तर हे आदेश कोणी आणि का काढले याची जबाबदारी निश्चित करावी. ‘जबाबदारी निश्चित करावी’ या शब्दांनी आस्थापना अधिकाऱ्यांना ताप भरला. खरोखर भरला, ते दोन दिवस रजेवर होते. परत आले ते माझ्या कायम नेमणुकीचा आदेश घेऊनच. विभागप्रमुख म्हणाले, “मी म्हटलं होतं ना, शब्द हाय माझा.” मी त्यांना नमस्कार केला. त्या माणसानं माझ्यासाठी खरंच ऊन खाल्लं होतं.

जागेवर येऊन आदेश वाचला आणि मी पाहतच राहिले. नव्या व्हर्जनसाठी पद निर्माण करायला मुंबईला मंत्रालयाची मंजुरी लागते, आणि ऑडिट थांबत नव्हतं. हाताशी मंजूर पद एकच होतं, माझंच जुनं. म्हणून मला ‘मधल्याच्या जुन्या व्हर्जनच्या देखभालीसाठी’ कायम करण्यात आलं होतं. जे व्हर्जन आता अख्ख्या इमारतीत कुठेही चालू नव्हतं, ज्याचा आधार वर्षाअखेर खुद्द कंपनी काढून घेणार होती, त्याची मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत देखभाल करणार होते. आणि या पदावरच्या व्यक्तीला नव्या व्हर्जनच्या प्रशिक्षणाला पाठवता येत नाही, असंही खाली लिहिलं होतं. मी एकटीच हसले. टेबलावर डोकं ठेवून हसले.

हा विनोद बाबांना कसा रंगवून सांगायचा याची जुळवाजुळव करतच मी सायकल मारत घरी आले. त्यांनी विचारण्याआधीच म्हटलं, “केलं.”

ते ओट्यावरून उठले. “वाच.”

मी वाचलं. जुन्या व्हर्जनचा भाग आला तिथे जरा नाटकी आवाज काढून वाचला, ते हसावेत म्हणून. ते हसले नाहीत. “थांब,” म्हणाले. “ते जुनं आता बंद झालं ना?”

“हो. केव्हाच.”

“अन् तुले त्याच्यावर कायम केलं?”

“हो बाबा. हीच तर गंमत आहे.”

त्यांनी त्या कागदाकडे पाहिलं. त्यांना वाचता येत होतं, सावकाश, पण त्यांनी तो हातात घेतला नाही.

“आमची गिरणी बंद झाली,” ते म्हणाले, “तं आमाले बी बंद केलं. मी कायम होतो, तरी केलं. तुयं बंद झालं, अन् तरी तू हायस. याच्याहून कायम काय राह्यते वं?”

जुळवून आणलेला विनोद मी सोडून दिला. ते म्हणाले, “आणखी एकदा वाच.” मी पुन्हा वाचायला लागले, या वेळी साध्या आवाजात, आणि पहिल्या ओळीतच रडू फुटलं. त्या मूर्ख कचेरीच्या मूर्ख कागदानं मला इतका आनंद व्हावा याचा मला भयंकर राग येत होता, आणि आनंद काही केल्या जात नव्हता.